आदामाचं पाप आपल्या वाट्याला कसं आलं?

ख्रिस्ती धर्माविषयी आपल्याकडे एक समज अगदी पक्का आहे: त्या धर्मात माणूस जन्मतःच पापी मानतात. आदाम आणि हव्वा यांनी देवानं मना केलेलं फळ खाल्लं, ते पाप पिढ्यान् पिढ्या उतरत आलं आणि आज जन्मलेलं तान्हं मूलही त्यातून सुटत नाही. याला मूळ पाप किंवा आदिपाप म्हणतात. कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट पंथांची शिकवण ढोबळमानानं अशीच आहे, तेव्हा हा समज चुकीचा म्हणता येत नाही. पण ही शिकवण येशूच्या तोंडी कुठेही या रूपात सापडत नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात फळाची ती कथा आहे, तिथे ‘पाप’ हा शब्दसुद्धा नाही. आणि येशूनंतर जवळजवळ चारशे वर्षं बहुतेक ख्रिस्ती विचारवंत हीच कथा वेगळ्याच कारणासाठी सांगत होते. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे, हे पटवून देण्यासाठी.

मग अर्थ फिरला कधी, कुणी फिरवला आणि लोकांनी तो मानला का? अमेरिकेतल्या धर्म-अभ्यासक एलेन पेगल्स यांनी हा प्रश्न हाती घेतला. पेगल्स यांचा जन्म १९४३ सालचा, कॅलिफोर्नियातला. हार्वर्डमधून १९७० साली डॉक्टरेट, पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अध्यापन आणि १९८२ पासून प्रिन्स्टन विद्यापीठ. इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ १९४५ साली जुन्या कॉप्टिक भाषेतल्या पोथ्या सापडल्या. चर्चनं पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती गटांचं लेखन त्यात होतं. त्या पोथ्यांवरच्या १९७९ च्या पुस्तकामुळे पेगल्स यांचं नाव सर्वदूर झालं. मला मात्र त्यांचं १९८८ चं ‘ॲडम, ईव्ह अँड द सर्पंट’ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात त्या धर्मशास्त्राचा प्रत्येक लेखक हाती घेताना विचारतात: हा माणूस कुठे बसून लिहितोय? तुरुंगाच्या दाराशी, मठात, की सम्राटाच्या दरबाराजवळ?

आधी कथा आठवू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला ‘आपल्या प्रतिरूपाचा’ घडवतो, नर आणि नारी असे दोघांनाही, आणि पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगतो. पुढच्या दोन अध्यायांत निर्मितीची दुसरीच कथा येते. मातीतून घडवलेला आदाम, त्याच्या फासळीतून हव्वा, एदेन बाग, बऱ्यावाइटाचं ज्ञान देणारं झाड, बोलणारा सर्प. फळ खाल्ल्यावर दोघांना आपण नागवे असल्याचं कळतं. देव शिक्षा सुनावतो: स्त्रीला बाळंतपणाच्या वेदना आणि नवऱ्याची सत्ता, पुरुषाला घाम गाळून भाकर, जमिनीला काटेकुसळं, आणि शेवटी सगळ्यांची माती. तीन पानांची ही कथा इतकी कमी बोलते, की वाचणाऱ्याला तिच्यात भरपूर जागा मिळते.

पहिल्या तीन शतकांत ती वाचणारे ख्रिस्ती लोक रोमन साम्राज्यात अल्पसंख्य होते आणि कायद्याच्या नजरेत संशयित. छळ सतत किंवा सगळीकडे होत नव्हता, पण कधी होईल याचा भरवसा नव्हता. साम्राज्याच्या देवतांना किंवा सम्राटाच्या कल्याणासाठी यज्ञ करायला नकार दिला, तर मृत्युदंड होऊ शकत असे. २०३ साली कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, पर्पेट्युआ नावाची बावीस वर्षांची, तान्ह्या मुलाची आई पकडली गेली. तिनं तुरुंगात स्वतः लिहिलेला मजकूर आजही उपलब्ध आहे. वडील येऊन आपल्या पिकल्या केसांची आण घालतात, मुलाकडे बघ म्हणतात. अधिकारी सांगतो, सम्राटासाठी यज्ञ कर आणि सूट. ती नाही म्हणते. तिच्याबरोबर फेलिसिटस नावाची गुलाम स्त्रीही आखाड्यात मारली गेली. मुलीनं बापाचं, गुलामानं मालकाचं आणि प्रजेनं सम्राटाचं ऐकायचंच, ही ज्या समाजाची घडी होती, तिथे या दोन बायकांनी स्वतःच्या जिवाचा निर्णय स्वतः घेतला.

अशा माणसांना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात काय दिसलं असेल? देवाचं प्रतिरूप प्रत्येक माणसात आहे, एकट्या सम्राटात नाही. म्हणून कुणाही माणसाच्या आत असा एक भाग आहे, ज्याच्यावर राज्याचा हुकूम चालत नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत जस्टिन सम्राटाला उद्देशून लिहितो तेव्हा याच बळावर लिहितो. माणूस निवडू शकतो म्हणूनच त्याच्या वागण्याला चांगलं-वाईट म्हणता येतं, असं त्याचं म्हणणं. नकोशी अर्भकं उघड्यावर टाकून देण्याच्या रोमन चालीवरही तो तुटून पडतो. रोममध्ये त्याला मृत्युदंड झाला. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन २१२ च्या सुमारास आफ्रिकेचा रोमन राज्यपाल स्कापुला याला लिहितो, की आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करणं हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे आणि धर्माची सक्ती करणं हे धर्माचं कामच नव्हे. अठराशे वर्षांपूर्वीचं हे लेखन आहे. हाच टर्टुलियन दुसऱ्या एका ठिकाणी स्त्रियांना ‘सैतानाचं दार’ म्हणतो, कारण हव्वेनं आधी फळ तोडलं. हेही सांगायला हवं, कारण या कथेनं स्त्रियांना जी इजा पोचवली, ती मूळ पापाचा सिद्धान्त मांडणाऱ्या ऑगस्टिनच्या पुष्कळ आधी सुरू झाली होती.

अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती आचार्य क्लेमेंट फळ खाण्याचा गुन्हा कामवासनेचा मानत नाही. त्याच्या मते तो आज्ञाभंग होता. लग्न आणि मुलंबाळं म्हणजे देवाच्या निर्मितीत माणसाचा सहभाग. दुसरीकडे अनेक तरुण-तरुणी लग्नच नाकारून ब्रह्मचर्य पत्करत होत्या, आणि पेगल्स यांच्या मते तेही स्वातंत्र्यच होतं, विशेषतः स्त्रियांसाठी. कोवळ्या वयात ठरवलेलं लग्न आणि एकामागून एक बाळंतपणं यांतून सुटण्याचा समाजमान्य रस्ता त्या काळी दुसरा फारसा नव्हता. नाग हम्मादीच्या पोथ्यांतले ज्ञानमार्गी गट तर कथा आणखीच वेगळी वाचत. ‘सत्याची साक्ष’ या ग्रंथात सर्प शहाणा आहे आणि माणसाला ज्ञान नाकारणारा देव मत्सरी. या गटांना उत्तर देतानाही चर्चचे आचार्य पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येत: माणूस जन्मानं ठरलेला नसतो, त्याला निवडता येतं.

चौथ्या शतकात सगळंच बदललं. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट यांनी ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली. ३८० साली थिओडोसियसनं आपल्या प्रजेनं नायसियाच्या धर्मपरिषदेनं ठरवलेल्या मताचा ख्रिस्ती धर्म पाळावा, असा आदेश काढला. सत्तर वर्षांच्या आत बिशप दरबारी झाले. ज्या सम्राटाला ‘नाही’ म्हणणं हे धर्माचं तेज होतं, तो सम्राट आता आपलाच होता. मग आदामाच्या स्वातंत्र्याचं काय करायचं?

या वळणावर पेगल्स दोन माणसं समोरासमोर उभी करतात. पहिला जॉन क्रिसोस्टम, अंत्युखियाचा प्रवचनकार आणि ३९८ पासून कॉन्स्टँटिनोपलचा बिशप. राज्याला दंडशक्ती लागते हे तो मान्य करतो, पण चर्चमध्ये दंडशक्तीला जागा नाही, असं ठणकावतो. चूक करणाऱ्याला जबरदस्तीनं सुधारण्याची परवानगी ख्रिस्ती माणसाला नाही, त्याचं मन वळवावं लागतं. स्वतःवर ताबा ठेवू शकणारा माणूस, हेच क्रिसोस्टमच्या मते देवाचं प्रतिरूप. ऐषारामी श्रीमंतांना आणि दरबारालाही तो सोडत नसे. परिणामी पदावरून गेला आणि हद्दपारीच्या वाटेवर ४०७ साली मेला.

दुसरा ऑगस्टिन. जन्म ३५४, आजच्या अल्जीरियातलं थागास्ते गाव. आई मोनिका भाविक ख्रिस्ती. तरुणपणी तो कित्येक वर्षं एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय राहिला, त्यांना मुलगा झाला. पुढे सोयीचं लग्न ठरलं म्हणून तिला परत पाठवावं लागलं, आणि तिचं नावही त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. सुमारे नऊ वर्षं तो मानी नावाच्या इराणी प्रेषिताच्या पंथात होता. मिलानमध्ये ३८६ साली त्याचं मन पालटलं, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा संस्कार, झाला आणि ३९५ च्या सुमारास तो हिप्पो या बंदराच्या गावाचा बिशप झाला. आपल्या आत्मकथनात तो पुन्हा पुन्हा सांगतो: मला चांगलं वागायचं होतं आणि मी वागू शकलो नाही. इच्छाशक्ती माझीच, तरी माझं ऐकेना. इतक्या उघडेपणानं स्वतःच्या मनाची फाटाफूट त्याच्याआधी क्वचितच कुणी लिहिली असेल. त्याच्या निष्कर्षांशी माझं पटत नाही, पण या प्रामाणिकपणापुढे मान झुकते.

या अनुभवातून त्यानं आदामाची कथा नव्यानं वाचली. एदेनमध्ये शरीर मनाच्या आज्ञेत होतं. आदामानं देवाची आज्ञा मोडली आणि शिक्षा म्हणून त्याचं स्वतःचं शरीर त्याची आज्ञा मोडू लागलं. बोलावल्याशिवाय उसळणारी कामेच्छा हा ऑगस्टिनला या शिक्षेचा सगळ्यात ढळढळीत पुरावा वाटला. आता गाठ अशी, की आदामाच्या शिक्षेत आपण कसे? ऑगस्टिनचं उत्तर: आपण सगळे त्या वेळी आदामात होतोच. पुढची सारी मानवजात बीजरूपानं त्याच्यात होती आणि ते दूषित बीज प्रत्येक गर्भधारणेत उतरतं. म्हणून अपवाद फक्त येशूचा, कारण तो कुमारीच्या पोटी आला. आधार म्हणून त्यानं बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ५:१२ हे वचन घेतलं. त्याच्या लॅटिन प्रतीत ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केलं’ असं होतं, तर मूळ ग्रीक वाचणाऱ्यांना तिथे साधारणपणे ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ दिसत होता.

याचे परिणाम फार दूरवर जातात. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं निवडूच शकत नसेल, तर त्याला देवाची कृपा हवी. ती चर्चच्या संस्कारांतून मिळते. आणि माणसाला आतून आवर घालता येत नसेल, तर बाहेरून घालणारं कुणीतरी हवं. ऑगस्टिनच्या मते राजसत्तेचा बडगा आणि गुलामगिरीसुद्धा पापाचीच फळं आहेत, पण पडलेल्या जगात ती सोसावी लागतात. उत्तर आफ्रिकेतल्या, मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटस पंथाच्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध सरकारी बळ वापरायला तो सुरुवातीला नाखूश होता. पुढे मात्र त्यानं त्याचं समर्थन केलं, आणि येशूच्या दृष्टान्तातलं ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ हे वाक्य त्यासाठी वापरलं. टर्टुलियनच्याच भूमीत, दोनशे वर्षांनी.

पेगल्स यांचा मुख्य दावा इथे आहे. ऑगस्टिनचा सिद्धान्त जिंकला, याचं एक कारण तो काळाला सोयीचा होता. साम्राज्याशी जोडल्या गेलेल्या चर्चला आज्ञापालनाची गरज समजावून सांगणारं तत्त्वज्ञान हवं होतं आणि ते यात मिळालं.

विरोध झालाच नाही असं नाही. ब्रिटनहून आलेला तपस्वी पेलेजियस म्हणत होता, की देवानं आज्ञा दिल्या त्याअर्थी त्या पाळायची ताकदही दिली आहे. ऑगस्टिननं तरुणपणी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं लिहिलेलं पुस्तकच त्यानं ऑगस्टिनविरुद्ध उद्धृत केलं. ४१७ साली पोप झोसिमस पेलेजियसच्या बाजूनं झुकला होता. आफ्रिकेचे बिशप दरबारी वजन वापरायला लागले, ४१८ च्या एप्रिलमध्ये सम्राट होनोरियसनं पेलेजियसच्या अनुयायांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि मग पोपनंही निर्णय फिरवला. इटलीतल्या अठरा बिशपांनी पेलेजियसविरुद्धच्या या निर्णयावर सही करायला नकार दिला. त्यांत एक्लॅनमचा तरुण बिशप ज्युलियन होता. ऑगस्टिनचा मित्र अलिपियस यानं अधिकाऱ्यांना खूश करायला आफ्रिकेतून ऐंशीहून जास्त घोडे आणले, असा आरोप ज्युलियननं केला. ऑगस्टिननं तो फेटाळला. ज्युलियनचं बिशपपद गेलं, देश सुटला, पण लेखणी थांबली नाही.

ज्युलियन आणि ऑगस्टिन यांच्यातला वाद हा या पुस्तकाचा सगळ्यात सकस भाग आहे. ज्युलियन म्हणतो, मरण नैसर्गिक आहे. आदामानं फळ खाल्लं नसतं तरी तो मेला असता. बाळंतपणाच्या वेदना पशूंच्या माद्यांनाही होतात, त्यांनी कुठलं पाप केलं? कामेच्छा ही देवानं दिलेली शक्ती आहे, तिचा वापर चांगला किंवा वाईट असू शकतो. पाप म्हणजे इच्छेनं केलेली कृती. तान्ह्या मुलाला इच्छाच नाही, तर पाप कुठलं? आणि त्याला दोषी धरणारा देव न्यायी कसा?

ऑगस्टिन उलटून विचारतो, मग मुलं का सोसतात? आंधळी जन्मतात, तापानं फणफणतात, मरतात. त्यांच्यात काहीच दोष नसेल, तर हे होऊ देणारा देव अन्यायी ठरेल. म्हणून दोष असलाच पाहिजे. बाप्तिस्मा न होता मेलेल्या अर्भकांनाही नरकच, फक्त सगळ्यात सौम्य शिक्षा, इथपर्यंत तो जातो. ४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना तो वारला, तेव्हा ज्युलियनला दिलेलं शेवटचं उत्तर अर्धवट होतं.

मग प्रश्न उरतो तो पुढच्या सोळाशे वर्षांचा. रोमन साम्राज्य गेलं, तरी हा सिद्धान्त टिकला. राजकीय सोय एवढं एकच कारण इथे पुरत नाही, हे पेगल्स यांना ठाऊक आहे. त्यांचं दुसरं उत्तर मनाच्या तळाशी जातं: माणसाला असहाय वाटण्यापेक्षा अपराधी वाटणं सोसतं. आपत्ती कोसळली की आपण विचारतो, माझं काय चुकलं? चूक सापडली तर निदान जगाला काही नियम आहे असं वाटतं. ती विनाकारण आली, हे स्वीकारणं जास्त कठीण. ज्युलियन सांगत होता, की निसर्ग आपल्या पापपुण्याची दखल घेत नाही. ऐकणाऱ्याला त्यात दिलासा मिळत नव्हता.

हे लिहिणाऱ्या बाईंनी पोटचं मूल गमावलं होतं. त्यांचा मुलगा मार्क फुप्फुसाच्या असाध्य आजारानं १९८७ साली सहाव्या वर्षी गेला. पुस्तक आलं त्याच उन्हाळ्यात, जुलै १९८८ मध्ये, पती हाइन्झ पेगल्स हे भौतिकशास्त्रज्ञ कोलोरॅडोच्या डोंगरात पडून मरण पावले. मूल वाचवता आलं नाही याचा अपराधभाव आपल्यालाही कसा चिकटला होता आणि त्याच्याखाली असहायपणा कसा दडला होता, हे त्यांनी पुढे २०१८ च्या आत्मकथनात लिहिलं. ज्युलियन-ऑगस्टिनची पानं मी ते वाचल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा सोळाशे वर्षं जुन्या वादाला एवढी धार कुठून आली ते कळलं.

पेगल्स यांची मांडणी सगळीच्या सगळी स्वीकारावी असं नाही. ऑगस्टिनच्या आधीही या विचाराची मुळं दिसतात. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन अर्भकांच्या बाप्तिस्म्याविषयी लिहिताना आदामापासून आलेल्या मरणाच्या संसर्गाचा उल्लेख करतो. शिवाय माणूस कृपेशिवाय असमर्थ आहे, या निष्कर्षाला ऑगस्टिन ३९६ च्या सुमारास पौलाची पत्रं वाचता वाचता पोचला होता, सक्तीच्या समर्थनाच्या बऱ्याच आधी. त्यामुळे सत्तेसाठी सिद्धान्त रचला, असं कुणी या पुस्तकातून उचललं तर ते चूक ठरेल. सिद्धान्त जन्मला कशातून आणि पसरला कशामुळे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि पेगल्स यांची खरी ताकद दुसऱ्या प्रश्नात आहे. आणखी एक गोष्ट मला सतत जाणवते. पेलेजियसचं स्वातंत्र्य ऐकायला उदात्त आहे, पण ते कठोरही आहे. प्रत्येकाला पूर्ण चांगलं होता येतं असं म्हटलं, की व्यसनात अडकलेला, पुन्हा पुन्हा घसरणारा माणूस सर्वस्वी दोषी ठरतो. ऑगस्टिनच्या चर्चमध्ये अशा माणसाला जागा होती.

ग्रीकभाषक पूर्वेकडच्या चर्चनं मात्र आदामाचा अपराध वारशानं येतो, हे कधीच मान्य केलं नाही. मरण आणि दुबळेपणा वारशानं येतो, दोष नाही, अशी ऑर्थोडॉक्स परंपरेची भूमिका आजही आहे. पश्चिमेत १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं मूळ पापाची शिकवण नेमक्या शब्दांत बांधली. तीच घेऊन जेझुइट धर्मगुरू गोव्यात आले. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं, आणि आदाम-हव्वेच्या पतनाची कथा मराठी ओवीत आली. गोव्याच्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती श्रोत्यांना ती ऐकायला मिळाली ती ऑगस्टिनच्या अर्थासकट. क्रिसोस्टमचा किंवा क्लेमेंटचा अर्थ तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

तान्ह्या मुलांचा प्रश्न पश्चिमेलाही छळत राहिला. मध्ययुगीन विचारवंतांनी त्यांच्यासाठी स्वर्ग-नरकाच्या सीमेवर एक यातनारहित जागा कल्पिली, तिला लिंबो म्हणतात. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं एक निवेदन प्रसिद्ध केलं. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांचं तारण होईल अशी आशा बाळगायला सबळ कारणं आहेत, असं त्यात म्हटलं आहे. निश्चित ज्ञानाचा दावा त्या निवेदनानं केलेला नाही, पण ऑगस्टिनच्या उत्तरावर ते थांबलेलंही नाही.